बोल्ट बसला म्हणजे ब्रेक बसला नव्हे

"अरे, पुढच्याच वर्षीचा पार्ट आहे, सरळ बसतो!" जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या मंडळींत हे वाक्य फार चालतं, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

१९६६ ची फोर्ड मस्टँग घ्या. (न्यू जर्सीच्या आमच्या काकांकडे तीच आहे. काका, वाचताय ना?) तिचा मास्टर सिलिंडर एकखणी. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७ च्या मॉडेलला दोनखणी आला, पुढचे आणि मागचे ब्रेक वेगळे. तो '६६ ला लावावा का? लावावाच! 'गाडी मूळ रूपातच हवी' म्हणणाऱ्या सोवळ्या लोकांना दुरून नमस्कार.

माझं भांडण आहे ते बूस्टर तेवढा उचलून आणणाऱ्यांशी. बूस्टर नसलेल्या गाडीचं पेडल पायाचा जोर साधारण सहापट करतं. बूस्टरवाल्या गाडीचं चारपटच, कारण उरलेला जोर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर देतो. आता सहापटीच्या पेडलामागे बूस्टर जोडा, काय होईल? त्यात चारही चाकांना ड्रम असतील तर फिरता ड्रम ब्रेक शूला स्वतःबरोबर ओढून आणखी आवळतो. पावसात पाय नुसता टेकवला तरी चाकं लॉक. याला लोक 'काय मस्त ब्रेक लागतात' म्हणतात!

शिवाय बूस्टर आणि मास्टर सिलिंडरच्या मधला तो पुशरॉड. किंचित लांब झाला तरी पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ब्रेक ऑइल परत जायचं भोक झाकलेलं राहतं. ऑइल तापून फुगतं आणि ब्रेक आपोआप लागत जातात. गल्लीत चक्कर मारून हे कळत नाही हो, हायवेवर कळतं.

"कंपनी तीच, गाडी तीच, एवढा कीस कशाला?" इति काका. अहो, कंपनीनेच बूस्टरसाठी पेडल वेगळं दिलं ते काय हौस म्हणून? चारपटीचं पेडल मिळत नसेल तर बूस्टर नकोच. दोनखणी सिलिंडर त्याच्याशिवाय उत्तम चालतो, पाइप आणि पुशरॉड जुळवून घेतले की झालं.

काकांनी बूस्टर मागवलाय म्हणे. काकू, पेडलही मागवलंय का, तेवढं विचारा.