दोरीचें यंत्र आणि कलमांची साल

नायलॉनच्या फिरत्या दोरीनें गवत कापण्याची युक्ति अमेरिकेंतील जॉर्ज बॅलस यांनीं १९७१ सालीं काढिली. त्याच दोरीचें, चाकांवर ढकलीत न्यावयाचें यंत्र उंच गवत, खडबडीत जमीन व कुंपणाची कड येथें पात्याच्या यंत्राहून सरस, हें निर्विवाद. ओल्या गवतांत मात्र तें सावकाश चालवावें. दगडगोट्यांत दोरी झिजते व खडे उडतात, म्हणून डोळ्यांस चष्मा लावावा आणि मुलें-गुरें दूर ठेवावींत. परंतु खरा धोका आहे तो लहान कलमांस. दोरीनें बुंध्याची साल सभोंवार सोलली गेल्यास मुळांकडे अन्नरस उतरत नाहीं व झाड वाळतें. सबब प्रत्येक कलमाभोंवतीं हातभर जागा विळ्यासाठींच राखावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. मजुरी वांचविण्यासाठीं कलम गमाविणें, हा कसला हिशेब?