चूक सॉफ्टवेअरची, भुर्दंड आत्याला!

दर वर्षी मिनी-प्रोजेक्टची यादी लागते आणि किमान चार ग्रुप्सनी तरी 'बिलिंग सिस्टीम' घेतलेली असते. आमच्या हॉस्टेलच्या विंगमध्येच यंदा दोन आहेत. त्यात टॅक्सचा कोड असतो तरी केवढा? रक्कम गुणिले अठरा भागिले शंभर. एक ओळ, झालं! व्हायव्हाला सर डेटाबेसचं विचारतात, नॉर्मलायझेशनचं विचारतात. टॅक्सबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. पण मित्रांनो, खरी गोम त्या एका ओळीतच आहे.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकते. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी कर मोजणारी, तो बिलात लावणारी आणि रिटर्न तयार करून देणारी सॉफ्टवेअर्स आता घरोघरी पोचली आहेत. ती हवीतच. पण गुंतागुंतीचा कायदा करणार सरकार, त्याचं उत्तर काढणार मशीन, आणि उत्तर चुकलं की जबाबदार एकटा विकणारा, ही वाटणी अन्यायाची आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'अनुपालन' हा शब्द डिक्शनरीत बघावा लागला. अर्थ निघाला, नियम पाळणं. एवढ्या सोप्या गोष्टीला एवढा जड शब्द का, हे कराच्या कायद्यात डोकावलं की कळतं!)

आधी अमेरिकेचं बघू, कारण या सॉफ्टवेअरचा धंदा तिथे फोफावला. तिथे आपल्यासारखा देशभर एक जी.एस.टी. नाही. विक्रीकर प्रत्येक राज्याचा वेगळा, वर कित्येक ठिकाणी काउंटीचा आणि शहराचा आणखी वेगळा. ओरेगन, मोंटाना, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर या राज्यांत तर राज्याचा विक्रीकरच नाही. १९९२ साली 'क्विल' कंपनीच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्या राज्यात विक्रेत्याचं दुकान, गोदाम, माणूस असं प्रत्यक्ष काहीच नाही, ते राज्य त्याला कर गोळा करायला लावू शकत नाही. क्विल कॅटलॉग पाठवून ऑफिसची स्टेशनरी विकायची. पुढे इंटरनेट आलं, सगळी बाजारपेठच कॅटलॉग झाली, आणि राज्यांच्या तिजोरीला गळती लागली.

शेवटी २१ जून २०१८ रोजी 'साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर' खटल्यात कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी जुना निकाल फिरवला. साउथ डकोटाचा कायदा असा होता की राज्यात वर्षाला १,००,००० डॉलरहून जास्त विक्री किंवा २०० व्यवहार झाले, की दुकान असो वा नसो, कर गोळा करा. (यातली २०० व्यवहारांची अट त्या राज्याने २०२३ साली काढून टाकली.) १ जानेवारी २०२३ पर्यंत विक्रीकर असलेल्या ४५ च्या ४५ राज्यांत असे नियम लागू झाले.

या निकालातलं विरोधी मत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलं. विक्रीकर लावणाऱ्या हद्दी देशात १०,००० हून जास्त आहेत, असं ते म्हणाले. त्यांनी दिलेली उदाहरणं तर आपल्या मेसमध्ये सांगण्यासारखी आहेत. इलिनॉयमध्ये ट्विक्स हा खाद्यपदार्थ आणि स्निकर्स ही कँडी, का तर ट्विक्समध्ये पीठ असतं! न्यू जर्सीत लोकर कलाकुसरीसाठी घेतली तर कर, स्वेटरसाठी घेतली तर माफ! मग दुकानदाराने काय गिऱ्हाइकाला विचारायचं, "ताई, स्वेटर की शोपीस?"

असल्या जंगलात सॉफ्टवेअर नसेल तर छोटा विक्रेता दुकानच बंद करेल. ते मुख्यतः तीन प्रश्न सोडवतं. माल कुठे चालला? वस्तू कोणत्या वर्गातली? आणि त्या दिवशी दर किती? पहिलाच प्रश्न अवघड. तिथला झिप कोड टपाल वाटण्यासाठी आखलेला आहे, कराच्या हद्दी त्याच्याप्रमाणे चालत नाहीत. म्हणून पूर्ण पत्त्याचं नकाशावर ठिकाण काढून हद्द शोधावी लागते. हे काम करणारी अवालारा ही कंपनी २०२२ साली ८.४ अब्ज डॉलरला विकली गेली. तिचं ऑफिस पुण्यातही आहे. आपल्यापैकी काही जण उद्या अशाच कंपन्यांत कोड लिहीत असतील. म्हणून तर हा विषय आपला!

पण या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती निकालातच नोंदलेली एक गोष्ट. साउथ डकोटा हे राज्य विक्रीकर सोपा करण्यासाठी २० हून जास्त राज्यांनी केलेल्या करारात सामील आहे. ते विक्रेत्यांना कराचं सॉफ्टवेअर राज्याच्या खर्चाने देतं, आणि जो विक्रेता ते वापरतो त्याच्यावर पुढे ऑडिटमध्ये बोजा टाकत नाही. म्हणजे राज्य म्हणतं, "नियम आमचे अवघड आहेत, हे घ्या मशीन, आणि ते चुकलं तर आम्ही बघू." याला म्हणतात सरळ व्यवहार!

आता आपल्याकडे येऊ. माझी आत्या सांगलीला फराळाचे पदार्थ करते आणि स्वतःच्या वेबसाइटवरून विकते. माल परराज्यात जातो म्हणून तिला ४० लाखांच्या उलाढालीची सूट नाही, नोंदणी पहिल्या रुपयापासून. तिने दरमहा पैसे भरून एक सॉफ्टवेअर घेतलं. २०२४ च्या दिवाळीत तिला बंगळूर-हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलांच्या खूप ऑर्डर्स आल्या. पैसे भरणारा मुलगा बंगळूरला, पण फराळाचा डबा मिरजेला, आई-वडिलांकडे. जी.एस.टी.त राज्याच्या आतल्या विक्रीवर केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा लागतो, बाहेरच्या विक्रीवर आय.जी.एस.टी. गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल तर माल पोचवायचा पत्ता धरायचा, असं परिपत्रक केंद्राने २६ जून २०२४ लाच काढलं होतं. सॉफ्टवेअर मात्र पैसे भरणाऱ्याचा पत्ता धरत राहिलं. तिच्या सी.ए. काकांनी मार्चमध्ये ते पकडलं.

लक्षात घ्या, सरकारचा एक पैसा बुडला नव्हता. तो फक्त चुकीच्या खात्यात गेला होता. पण नियम असा की योग्य खात्यात आधी पुन्हा भरा, मग चुकून भरलेला परत मागा. व्याज लागत नाही, एवढीच काय ती दया. नऊ हजार रुपये अडकले. तुम्हा-आम्हाला ते थोडे वाटतील, तिच्याकडे तो हाताखालच्या मावशींचा महिन्याचा पगार आहे. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, तपासून घेण्याची जबाबदारी तुमची आहे, अटींमध्ये लिहिलंय." आत्या मला म्हणाली, "अगं, मला तपासता आलं असतं तर पैसे मोजून हे घेतलं कशाला असतं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं तर कोणाकडेच असू नये, इतका तो बरोबर आहे.

आपलं सरकार काहीच करत नाही असं मुळीच नाही. जी.एस.टी.एन.ने रिटर्न भरून देणाऱ्या सुविधा कंपन्या नेमल्या. २०१९ मध्ये दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर फुकट उपलब्ध केलं. चांगलंच आहे. पण साउथ डकोटाच्या सौद्यातला अर्धाच भाग आपण घेतला. मशीन दिलं, हमी दिली नाही.

माझी रूममेट म्हणते, अशी हमी दिली तर लोक बिनधास्त चुका करतील आणि सॉफ्टवेअरवर ढकलतील. शंका रास्त आहे. पण उपायही सोपा आहे. विक्रेत्याने चुकीची माहिती भरली तर जबाबदार तो. माहिती बरोबर असून सरकारमान्य सॉफ्टवेअरचं उत्तर चुकलं तर जबाबदार कंपनी, आणि सरकारने दिलेला दरच चुकला तर सरकार. कोणी काय भरलं याची नोंद कॉम्प्युटरइतकी चोख दुसरं कोण ठेवतं? दुसरी शंका अशी की सी.ए. असतोच की! असतो, पण मशीनचं प्रत्येक बिल पुन्हा तपासायला सी.ए. लावायचा, तर मग मशीन कशाला?

म्हणून दोन मागण्या. पहिली जी.एस.टी. परिषदेकडे. हिशेब करणारी सॉफ्टवेअर्स तपासून प्रमाणित करा आणि त्यांच्या चुकीचा भार छोट्या विक्रेत्यावरून उतरवा. नियम अवघड आहेत हे काही मी नव्याने सांगायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये परिषदेलाच खुलासा करावा लागला होता की खारे पॉपकॉर्न सुटे असतील तर ५ टक्के, पाकीटबंद असतील तर १२ आणि कॅरॅमलचे १८!

दुसरी मागणी आपल्याकडेच, म्हणजे उद्याच्या इंजिनिअर्सकडे. उत्तराबरोबर कारण दाखवणारा कोड लिहा. कोणता पत्ता धरला, कोणता नियम लावला, तो कोणत्या तारखेपासूनचा, हे बिलामागे दिसलं पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद चिवड्यावरचा कर १२ चा ५ टक्के झाला. ज्या प्रोग्राममध्ये जुना आकडा पुसून नवा टाकला असेल, त्याला आदल्या आठवड्यात विकलेला आणि नंतर परत आलेला माल कोणत्या दराने वजा करायचा हे कसं कळणार? दरांचा तारीखवार तक्ता ठेवणं एका रात्रीचं काम आहे. सबमिशनच्या आदल्या रात्रीचं म्हटलं तरी चालेल!

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर भांडायला यावं. रात्री साडेआठनंतर मी मेसमध्येच असते.

— टी.ई. (कॉम्प्युटर)