नफ्याची हमी कोणाला, जोखीम कोणाच्या माथी?

मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळ अशा दोन दिशांना धावणाऱ्या शकुंतला रेल्वेच्या कथा वऱ्हाडात घरोघर सांगितल्या जातात. धावत्या गाडीतून उतरून पुन्हा चढणाऱ्या प्रवाशांचे विनोदही होतात. त्या रुळांमागे असलेल्या करारपत्राची चर्चा मात्र क्वचितच होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक निक्सन या इंग्रज व्यापारी पेढीच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने हे नॅरोगेज मार्ग उभारले. कशासाठी? वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गावर, तेथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत पोहोचावा यासाठी. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, १९५१ च्या सुमारास देशातील रेल्वे एका छत्राखाली आल्या, परंतु हा मार्ग करारामुळे वेगळाच राहिला. गाड्या भारतीय रेल्वेने चालवायच्या, कर्मचाऱ्यांचे पगार तिने द्यायचे, तोटा तिने सोसायचा आणि कंपनीला तिचा वाटा द्यायचा, ही व्यवस्था राज्यकर्ते बदलले तरी बदलली नाही. कराराची मुदत दहा-दहा वर्षांनी वाढत गेली.

हा पैसा आजही विलायतेत जातो, असे वृत्तपत्रांतून वारंवार छापून येते. ते तितकेसे खरे नाही. किलिक निक्सनची मालकी पुढे भारतीय हाती आली. पण त्यामुळे मूळ मुद्द्याचे गांभीर्य कमी होत नाही. रूळ झिजले, मार्ग जीर्ण झाला, गाड्या बंद पडल्या, अंजनगाव-अचलपूर पट्ट्यातील नागरिक ब्रॉडगेजसाठी निवेदने देऊन थकले. आणि सार्वभौम देशाचे सरकार एका वसाहतकालीन करारनाम्याच्या कलमांत अडकून बसले. एखादे साम्राज्य संपते, पण त्याने गुंतवणूकदाराला दिलेले अभय किती चिवट असते, याचा हा पुरावा अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या भूमीवर गवतात पडलेला आहे.

त्याआधीचा इतिहासही ध्यानात घेतला पाहिजे. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी झालेल्या करारात भागधारकांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी देण्यात आली होती. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही, तर उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे येथील रयतेच्या शेतसाऱ्यातून भरून द्यायची! जमीन मात्र कंपनीला फुकट. १८६७ पर्यंत हीच लोहवाट अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचली. हमी असल्यावर काटकसर कोण करणार? आपला पैसा हुगळी नदीत बुडविला काय किंवा त्याच्या विटा पाडल्या काय, भागधारकाला त्याचे सोयरसुतक नव्हते, अशी कबुली हिंदुस्थानच्या एका माजी अर्थसदस्यानेच १८७० च्या दशकात ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे दिली होती. मुळात वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे गेला तोही देण्याघेण्याच्या हिशेबातूनच. निजामाने तैनाती फौजेच्या खर्चाची बाकी थकविली म्हणून १८५३ च्या तहाने हा सुपीक मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला आणि १९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांच्या खंडावर कायमचा अडकला. कर्ज हैदराबादचे, तारण वऱ्हाडचे. आणि ज्याची जमीन, त्याला विचारण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

आज हेच अभय ‘गुंतवणूक संरक्षण’ या सोज्ज्वळ नावाने आंतरराष्ट्रीय करारांत शिरते. त्याचे तंत्र समजून घेतले पाहिजे. परकीय कंपनीला यजमान देशाचा एखादा कायदा, कर किंवा न्यायालयाचा निकाल आपल्या नफ्याला बाधक वाटला, तर तिने त्या देशाच्या न्यायालयात जाण्याची गरज नाही. ती सरळ आंतरराष्ट्रीय लवादापुढे सरकारला खेचू शकते. तेथे तीन लवाद बसतात. ते कोणत्याही देशाच्या जनतेला उत्तरदायी नसतात. आज लवाद म्हणून निवाडा देणारा वकील उद्या दुसऱ्या प्रकरणात कंपनीची बाजू मांडू शकतो. निवाड्यावर खऱ्या अर्थाने अपील नाही. आणि सर्वांत मोठी मेख अशी की हा दरवाजा एकाच बाजूने उघडतो. कंपनी सरकारवर दावा लावू शकते. त्या कंपनीच्या औषधाने, बियाण्याने किंवा कारखान्याने ज्याचे नुकसान झाले, त्या शेतकऱ्याला तेथे उभे राहण्याचीही मुभा नाही.

महाराष्ट्राने याची चव घेतली आहे. डिसेंबर १९९३ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार झाला, ऑगस्ट १९९५ मध्ये युती शासनाने तो रद्द केला आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून पुनरुज्जीवित केला. केंद्राची प्रतिहमी मे १९९६ मध्ये दिली गेली, तीही तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारच्या कारकीर्दीत. स्वदेशीच्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट तेव्हाही बोचली होती आणि आजही ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, डिसेंबरात एन्रॉनचेच दिवाळे वाजले. येथवरची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर काय घडले ते फारसे कोणी सांगत नाही. प्रकल्पातील भागीदार बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपन्या. अमेरिकेचा भारताशी असा गुंतवणूक करार नव्हता. मग त्यांनी आपल्या मॉरिशसमधील उपकंपन्या पुढे केल्या आणि भारत-मॉरिशस कराराचा आधार घेऊन २००३ मध्ये भारताविरुद्ध लवादाचे शस्त्र उपसले. कर्ज देणाऱ्या परदेशी बँकांनी आणखी काही देशांशी झालेले करार शोधून काढले. २००५ मध्ये तडजोड झाली. जनरल इलेक्ट्रिकला सुमारे साडेचौदा कोटी आणि बेक्टेलला सुमारे १६ कोटी डॉलर मिळाले. अकोल्याच्या पंपाला वीज मिळो न मिळो, मॉरिशसच्या पत्त्यावर पैसे पोहोचले.

हीच बेक्टेल याच काळात बोलिव्हियात काय करीत होती, हेही पाहण्यासारखे आहे. कोचाबांबा शहराचे पाणी तिच्या उपकंपनीकडे सोपविले गेले, दर भरमसाट वाढले, २००० साली लोक रस्त्यावर उतरले आणि कंपनीला गाशा गुंडाळावा लागला. तेव्हा तिने नेदरलँड्सचा पत्ता दाखवून त्या गरीब देशावर दावा ठोकला. जगभरातून झालेल्या निषेधामुळे जानेवारी २००६ मध्ये तो नाममात्र रकमेवर मागे घ्यावा लागला. लोकमताचा रेटा या बंद दालनांपर्यंत पोहोचू शकतो, तो असा.

भारताचे डोळे पूर्णपणे उघडले ते २०११ मध्ये. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीचा कोल इंडियाशी वाद होता. भारतीय न्यायालयांत विलंब झाला, एवढ्या कारणावरून तिने भारत सरकारवर दावा लावला. भारत-ऑस्ट्रेलिया करारात या मुद्द्यावर स्पष्ट तरतूद नव्हती. तर ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ या कलमाचा धागा पकडून भारत-कुवेत करारातील तरतूद उसनी आणली गेली आणि लवादाने ती मान्य केली! पुढे व्होडाफोन आणि केर्न यांच्या प्रकरणांत २०२० मध्ये निवाडे भारताविरुद्ध गेले. संसदेने केलेला पूर्वलक्षी कर योग्य होता की नाही, याविषयी देशात दुमत होते आणि असायलाही हवे. त्याचा निवाडा मतदाराने आणि सर्वोच्च न्यायालयाने करायचा की परदेशातील तीन लवादांनी? केर्नने २०२१ मध्ये पॅरिसमधील भारत सरकारच्या मालमत्तांवर जप्तीचे आदेश मिळविले, एअर इंडियावर न्यूयॉर्कमध्ये दावा गुदरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा बदलावा लागला.

आता वऱ्हाडकडे या. येथील शेतकऱ्याच्या दृष्टीने हा विषय कापसाच्या बियाण्याच्या पाकिटात आहे. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हापासून मोन्सँटोच्या तंत्रज्ञानाची रॉयल्टी प्रत्येक पाकिटामागे शेतकऱ्याच्या खिशातून जात राहिली. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये कापूस बियाणे दर नियंत्रण आदेश काढला आणि मार्च २०१६ मध्ये बोलगार्ड-२ च्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ८०० रुपये ठरविली. त्यातील रॉयल्टी १६३ रुपयांवरून ४९ रुपयांवर आली. पुढे ती ३९, मग २० आणि २०२० च्या हंगामात शून्य झाली. दरम्यान २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने याच तंत्रज्ञानाचा वऱ्हाडात फज्जा उडविला होता. कंपनीने दर कमी होताच भारतातून अंग काढून घेण्याची भाषा केली, २०१६ मध्ये नव्या वाणाचा अर्ज मागे घेतला, दिल्लीच्या न्यायालयांत लढली. ठीक आहे, तो तिचा अधिकार. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिचे पेटंट अवैध ठरविले, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. सारे भारतीय घटनेच्या चौकटीत घडले.

गुंतवणूक संरक्षणाचे कडक कलम त्या वेळी तिच्या हाती असते तर? अशा करारांत पेटंट हीदेखील ‘गुंतवणूक’ मानली जाते आणि दरनियंत्रणाला ‘अप्रत्यक्ष संपादन’ म्हणता येते. ही कल्पनेची भरारी नव्हे. कॅनडाच्या न्यायालयांनी दोन औषधांची पेटंटे रद्द केली म्हणून एली लिली या कंपनीने २०१३ मध्ये कॅनडावर असाच दावा लावला होता. २०१७ मध्ये कॅनडा जिंकला खरा, पण चार वर्षे खटला लढवून. श्रीमंत कॅनडाला ते परवडते. बियाण्याचे दर ठरविणाऱ्या कृषी खात्याच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर असा दावा आला, तर तो पुढच्या वर्षी लेखणी उचलण्यापूर्वी दहा वेळा विचार करील. या कलमांचा खरा उपयोग तोच आहे. खटला जिंकण्यापेक्षा धाक अधिक स्वस्त पडतो. २०१७ च्याच हंगामात यवतमाळसह अकोला-अमरावतीच्या शिवारांत फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले आणि राज्य शासनाने काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. क्युबेकने एका तणनाशकावर बंदी घातली तेव्हा डाऊ ॲग्रोसायन्सेसने कॅनडाला लवादात ओढले होते, हे येथे आठवावे.

जनुकीय वाणांविषयी खुद्द वऱ्हाडात एकमत नाही. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने कायदा झुगारून तणनाशक-सहनशील कापसाची लागवड केली. स्वदेशीच्या पाठीराख्यांना ती पटली नाही. परंतु तो वाद येथल्या शेतकऱ्याचा येथल्या सरकारशी आहे. त्याचा निकाल कोणत्याही बाजूने लागो, तो अकोल्यात, मुंबईत, दिल्लीत लागला पाहिजे.

परकीय भांडवल हवे असेल तर हे अभय द्यावेच लागेल, असा युक्तिवाद उदारीकरणाचे पुरस्कर्ते करतात. ब्राझीलने असे लवादाचे करार कधी अमलातच आणले नाहीत, तरी तेथे परकीय भांडवल ओतले जात राहिले. युरोपातील एफ्टा गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी केलेल्या करारात लवादाची अशी तरतूद नाही. तरीही १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचे उद्दिष्ट त्यात नमूद आहे. भारतीय न्यायालये संथ आहेत, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे. पण अमरावतीच्या दिवाणी न्यायालयात बांधाच्या वादासाठी वर्षानुवर्षे तारखा घेणाऱ्या शेतकऱ्यालाही तोच विलंब भोगावा लागतो. त्याच्यासाठी कोठला लवाद? भारतीय उद्योजकांनाही परदेशांत संरक्षण मिळेल, असेही सांगितले जाते. ओडिशातील इंडियन मेटल्स कंपनीने इंडोनेशियावर दावा लावून पाहिला. २०१९ मध्ये तो फेटाळला गेला.

युरोपची जनताही हे जोखड मान मुकाट्याने पुढे करून स्वीकारीत नाही. अमेरिका-युरोप कराराविरुद्ध तेथील ३० लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या, ऑक्टोबर २०१५ मध्ये बर्लिनचे रस्ते मोर्चाने फुलून गेले. खुद्द अमेरिका आणि कॅनडा यांनी २०२० पासून परस्परांमधील ही लवाद व्यवस्था मोडीत काढण्यास सुरुवात केली. जे औषध धनिक देश स्वतः थुंकून टाकतात, ते भारताने का प्यावे?

मोदी सरकारने याबाबत चांगले पाऊल उचलले होते. डिसेंबर २०१५ मध्ये नवा आदर्श मसुदा मंजूर झाला, त्यात कंपनीने आधी ५ वर्षे भारतीय न्यायव्यवस्थेत दाद मागावी अशी अट आली, आणि जुने पन्नासहून अधिक करार संपविण्याच्या नोटिसा गेल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये आरसेप करारातून भारत बाहेर राहिला, त्यात शेतकरी, दूधउत्पादक आणि स्वदेशी जागरण मंचाच्या विरोधाचा वाटा होता. परंतु नंतर पावले मागे पडू लागली. फेब्रुवारी २०२४ च्या संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या करारात ५ वर्षांची अट ३ वर्षांवर आली. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्र्यांनी आदर्श मसुदा ‘अधिक गुंतवणूकदार-स्नेही’ करण्याची घोषणा केली. युरोपीय संघाने २०२२ पासूनच गुंतवणूक संरक्षणाचा स्वतंत्र करार वाटाघाटींच्या मेजावर मांडला आहे.

आपल्या घटनेनुसार असे करार करण्याचा अधिकार केंद्रीय मंत्रिमंडळाला आहे. संसदेची पूर्वसंमती लागत नाही. शेती आणि पाणी हे विषय राज्याचे, पण त्यांवर बेड्या घालणारा मसुदा मुंबईच्या विधानभवनात कोणी पाहतही नाही. सही झाल्यावर तो सर्वांसमोर येतो, आणि करार रद्द केला तरी त्याच्या आधी आलेल्या गुंतवणुकीला दहा-पंधरा वर्षे संरक्षण मिळत राहते. म्हणून सहीपूर्वीच सुधारित मसुदा मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध व्हावा, संसदेत आणि राज्यांच्या विधिमंडळांत त्यावर चर्चा व्हावी, बियाणे, कीटकनाशके, औषधे आणि पाणी यांवरील निर्णय लवादाच्या कक्षेबाहेर ठेवावेत. वऱ्हाडातील खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत कधी विचारला, याची विचारणा त्यांच्या मतदारांनी अकोल्यात आणि अंबानगरीत करावयास हवी. आणि तीही मसुद्यावरील शाई वाळण्यापूर्वी.