विश्लेषण : मानसिक आरोग्याची मदत जवळच, पण पत्ता कोण सांगणार?

ताप आला तर कोणत्या डॉक्टरकडे जायचे, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असते. पण झोप उडाली, मन कशातच रमेना, जगणे नकोसे वाटू लागले तर कुठे जायचे, हे शिकल्यासवरल्या घरातही सांगता येत नाही. योजना आहेत, कायदा आहे, चोवीस तासांची हेल्पलाइनही आहे. तरीही माणूस मदतीच्या दारापर्यंत का पोहोचत नाही?

प्रश्न किती मोठा?

बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या झाल्या. ही संख्या देशात सर्वाधिक होती. प्रत्येक आत्महत्येमागे आजारच असतो असे नाही. कर्ज, घरातले कलह, परीक्षा अशी कारणेही असतात. पण वेळेवर कोणाशी बोलता आले असते, तर त्यातले कित्येक जीव वाचले असते.

पहिली पायरी कोणती?

केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येते. आधी समुपदेशक ऐकून घेतो आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो. रुग्णाने स्वतःच फोन करावा असे नाही, काळजीत असलेले नातेवाईकही करू शकतात.

जिल्ह्यात काय मिळते?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्याअंतर्गत जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता यांचे पथक अपेक्षित असते. बाह्यरुग्ण विभागात तपासणी होते, औषधे मिळतात. मात्र ‘येरवड्याला न्या’, ‘ठाण्याला पाठवा’ या चेष्टेवर वाढलेल्या समाजाला मानसिक उपचार म्हटले की मनोरुग्णालयच आठवते. जिल्हा रुग्णालयातल्या एका खोलीत साध्या केसपेपरवर हे उपचार सुरू होऊ शकतात, हे अनेकांना माहीतच नसते.

मुलांनी कुठे जायचे?

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्यात १० ते १९ वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत समुपदेशन केंद्रे आहेत. राज्यात ती ‘मैत्री क्लिनिक’ म्हणून ओळखली जातात. संकटातल्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइनही आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमण्यास सांगितले. आपल्या शाळेत, कोचिंग क्लासमध्ये तो आहे का, हे पालकांनी पहिल्याच पालकसभेत विचारायला हवे.

तज्ज्ञ कोणता निवडायचा?

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो आणि तो औषधे देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. समुपदेशक ताण, नातेसंबंध, अभ्यास अशा अडचणींत बोलून मदत करतो. शिक्षण आणि नोंदणी विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे न गेलेलेच बरे.

डॉक्टरच कमी, हे खरे नाही का?

खरे आहे. देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. पण तेवढ्यावर हात झटकता येत नाहीत. विदर्भातल्या ‘विश्राम’ प्रकल्पाने ते दाखवून दिले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘संगाथ’ या संस्थेने स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले. ते घरोघरी गेले, बोलले, गरजूंना समुपदेशक आणि डॉक्टरपर्यंत घेऊन गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावात मोठे रुग्णालय उभे राहिले नव्हते. ओळखीच्या माणसाने वाट दाखवली होती, एवढेच.

कायद्याने काय दिले?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम १८ नुसार सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा हक्क आहे. किमान सेवा जिल्ह्यात सरकारने उपलब्ध केली नसेल, तर जिल्ह्यातील अन्य ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने उचलायचा आहे. विमा कंपन्यांनीही शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांना संरक्षण द्यावे, असे कलम २१ सांगते.

मग अडते कुठे?

हक्क कागदावर आहे आणि पत्ता कोणाच्याच हाती नाही. लसीकरणाचा दिवस आशाताई दारात येऊन सांगतात. मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर क्वचितच दिसते. प्रत्येक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, एसटी स्थानक आणि बाजार समितीत खोली क्रमांक, वार आणि १४४१६ लिहिलेला एक फलक लावायला मोठा निधी लागत नाही. इच्छा लागते. हेल्पलाइन हे दार आहे. दाराआड पगारी आणि प्रशिक्षित माणूस तालुक्यातच भेटला पाहिजे, नाहीतर फोन ठेवल्यावर रुग्ण पुन्हा एकटाच उरतो.

घरांनीही वेळ येण्याची वाट पाहू नये. गॅस एजन्सी आणि रुग्णवाहिकेचा नंबर फोनमध्ये असतो, तसा हाही आजच असावा. संकटाच्या रात्री तो शोधण्याचे बळ कोणातच नसते.