पाच मिनिटांचे व्यासपीठ

महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांच्या कार्यक्रमांचा क्रम बहुतेकांना पाठ असतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे तासाभराचे भाषण आणि मंडळाच्या सभासदाला बोलायची संधी मिळालीच तर आभारप्रदर्शनापुरती. व्याख्यानाला माझा विरोध नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा आपलीच आहे, आणि गंभीर विषयाला तास लागतोच. परंतु तासाभराचे व्यासपीठ एकालाच मिळते, आणि तेही बहुधा पद पाहून. म्हणून वर्षातील एक संध्याकाळ वेगळ्या रीतीने योजावी, असे सुचवावेसे वाटते.

ही रीत नवी नाही. टोकियोत राहणारे वास्तुविशारद अॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम यांनी २००३ मध्ये 'पेचाकुचा' हा प्रकार सुरू केला : २० चित्रे, प्रत्येकी २० सेकंद. २००६ मध्ये सिएटलला सुरू झालेल्या 'इग्नाइट'ने हा अवधी १५ सेकंदांवर आणला, म्हणजे पूर्ण भाषण ५ मिनिटांचे. चित्रे आपोआप पुढे सरकतात, वक्त्याला ती थांबवता येत नाहीत.

माझ्या मते सारे मर्म या 'आपोआप' शब्दात आहे. शासकीय बैठकीत बसलेल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. वरिष्ठ बोलत असतात तेव्हा घड्याळाकडे कुणी पाहत नाही. तालुक्याहून आलेल्या कर्मचाऱ्याने तोंड उघडताच 'थोडक्यात सांगा' असे ऐकू येते. 'वेळ संपली' ही चिठ्ठी कोणाला पाठवायची आणि कोणाला नाही, हे अध्यक्षांना श्रेणी पाहून कळते. यंत्राला श्रेणी कळत नाही. निवृत्त सचिव आणि बँकेतील रोखपाल यांना त्याच्या लेखी ५ मिनिटेच.

मात्र संध्याकाळ यशस्वी होते ती प्रस्तावांच्या निवडीत. 'जलव्यवस्थापन : समस्या आणि उपाय' हा प्रस्ताव नव्हे, ते केवळ शीर्षक आहे. अर्जात दोनच प्रश्न असावेत. आपण स्वतः काय पाहिले वा केले आहे? आणि ऐकणाऱ्याला घरी जाताना कोणती गोष्ट कळलेली असेल? वर उल्लेखिलेला रोखपाल लिहील, 'फाटलेली नोट बँक कशी बदलून देते.' पन्नास रुपये व त्यावरील नोटेच्या सर्वांत मोठ्या तुकड्याचे क्षेत्रफळ पाहून पूर्ण मूल्य, अर्धे मूल्य किंवा काहीच नाही, असा नियम आहे. पाच मिनिटांत तो पुरेपूर बसतो, आणि सभागृहातील निम्म्या लोकांच्या पाकिटात त्या वेळी एखादी तशी नोट असतेच!

प्रस्ताव वाचताना नावे झाकून क्रमांक द्यावेत. लोकसेवा आयोगाच्या लेखी परीक्षेत उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला उमेदवाराचे नाव कळत नाही. मंडळाला हे अवघड का वाटावे? परिचय, पदव्या, पुरस्कार मागूच नयेत. आणखी एक : परराज्यात वाढलेली आपली मुले घरी मराठी बोलतात, पण व्यासपीठावर चढत नाहीत, कारण कुणीतरी व्याकरण सुधारील ही धास्ती. त्यांच्या प्रस्तावात हिंदी, कन्नड वा बंगाली शब्द असले तर असू द्यावेत. तासभर मराठीत बोलणे त्यांना कठीण वाटेल, पाच मिनिटे त्यांच्या आवाक्यात आहेत.

एक मर्यादा मात्र कसोशीने पाळावी. कोलंबिया यानाच्या २००३ च्या अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाने, तांत्रिक अहवालाऐवजी ठळक मुद्द्यांच्या पडद्यांवर विसंबण्याच्या सवयीवर बोट ठेवले होते. धोक्याची माहिती पडद्यावर होती, पण ती दाटीवाटीत दडली होती. तेव्हा ज्यावर निर्णय घ्यायचा आहे, उदाहरणार्थ मंडळाच्या इमारतीचा खर्च किंवा शाळेचे हिशेब, ते विषय या संध्याकाळी आणू नयेत. त्यांना कागद आणि सर्वसाधारण सभाच हवी.

पहिल्या वर्षी बारा प्रस्ताव येणार नाहीत. सहा आले तरी कार्यक्रम करावा, आणि चहा शेवटी न ठेवता मध्ये ठेवावा. पाच मिनिटांत प्रश्नोत्तरे बसत नाहीत. ती चहाच्या रांगेत होतात, आणि त्या रोखपालाभोवती तिथेच गर्दी होईल.