पगार तोच, खुर्ची दुसरी

मुंबईत नोकरी करणारा मुलगा ईदला रत्नागिरीत आला की मोहल्ल्यात दोनच प्रश्न होतात. पगार किती झाला? आणि साहेब झालास की नाही? आपल्याकडे नोकरी म्हणजे जिना. वर चढलात तर तरक्की, नाहीतर अडकलात. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाने तोच हुद्दा, तोच पगार ठेवून दुसऱ्या खात्यात किंवा दुसऱ्या कंपनीत जायचं म्हटलं, की घरात काळजी सुरू होते. ‘काहीतरी बिनसलं असणार’ असं म्हणून चाचा-मामू मोकळे होतात.

माझं मत उलट आहे. म्युच्युअल फंडाच्या धंद्यात तरी अशी आडवी उडी पुष्कळदा बढतीपेक्षा शहाणपणाची असते.

आपल्याकडची कॉमर्स झालेली मुलं या धंद्यात बहुधा हिशेबाच्या बाजूने शिरतात. व्यवहार जुळवायचे, युनिटधारकांच्या नोंदी ठेवायच्या, फंडाचं रोजचं मूल्य म्हणजे एनएव्ही काढायची. ती रात्री ११ च्या आत जाहीर व्हावी लागते आणि तिथे चूक खपत नाही. पंधरा वर्षं हे काम केलेला माणूस भरवशाचा असतो. पण जुळवणीचं काम आता मशीन करू लागलं आहे. त्याच खात्यात बढती घेतली तर हाताखाली चार माणसं येतील, पण पाच वर्षांनी ते खातं तेवढंच मोठं असेल याची खात्री कोण देणार?

त्याच माणसाला एक गोष्ट मात्र इतरांपेक्षा चांगली ठाऊक असते. फंडातल्या प्रत्येक रोख्याची किंमत कशी धरली जाते, आणि कुठे ती नुसती कागदावरच असते. जोखीम सांभाळणाऱ्या खात्याला, कम्प्लायन्सला नेमकी हीच नजर लागते. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने कर्जरोख्यांच्या सहा योजना बंद केल्या आणि सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकले. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले. पण ‘हे रोखे उद्या विकायला काढले तर घेणार कोण?’ हा प्रश्न वेळेवर विचारण्याची किंमत तेव्हा सगळ्यांना कळली. जुन्या लोकांना जुलै २००१ ही आठवत असेल. युनिट ट्रस्टने यूएस-६४ ची खरेदी-विक्री थांबवली होती आणि पेन्शनीतले पैसे तिथे ठेवलेली घरं हवालदिल झाली होती. हिशेबाच्या टेबलावरून जोखमीच्या टेबलावर जाणारा माणूस अशाच घरांच्या पैशांची राखण करायला जात असतो. त्याचा पगार वाढला नाही म्हणून ती अधोगती कशी?

हे आपल्याला कळायला जड जाऊ नये. मिरकरवाड्यात खलाशी एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर गेला तर त्याला कुणी नावं ठेवत नाही. तांडेल कोण आहे, जाळं कोणतं आहे, वाटा कसा ठरतो, हे बघून तो जातो. कचेरीतल्या माणसानेही हेच बघावं. नव्या जागी शिकवणारा कोण? काम कोणतं? म्युच्युअल फंडातून पीएमएसमध्ये किंवा एआयएफमध्ये गेलात तर हुद्दा तोच राहील, पण तिथे गिऱ्हाईक निराळं. पीएमएसमध्ये किमान ५० लाख, एआयएफमध्ये साधारणपणे किमान १ कोटी गुंतवणारं. माणसं थोडी असतात, त्यामुळे एकाला चार कामं पडतात. ज्याला शिकायचं आहे त्याला हे बरं, ज्याला ठरल्या वेळी घरी जायचं आहे त्याला नाही.

आता आपल्या घरांत हळू आवाजात बोलला जाणारा प्रश्न. कर्जरोख्यांच्या योजनांचं उत्पन्न व्याजाचं असतं, म्हणून काही जण तोच हुद्दा ठेवून शेअरच्या योजनांकडे जाऊ पाहतात. टाटा एथिकल आणि टॉरस एथिकल या फंडांमुळे शरियतच्या निकषांवर कंपन्या पारखण्याचं कामही इथे होतं. व्याजावर चालणाऱ्या बँका आणि दारूच्या कंपन्या वगळायच्या, डोक्यावर फार कर्ज असलेल्या कंपन्या बाजूला काढायच्या. शिवाय सेबीने २०२१ मध्ये नियम केला, की फंड कंपनीतल्या महत्त्वाच्या माणसांनी पगाराचा २० टक्के भाग आपण सांभाळतो त्याच योजनांच्या युनिटमध्ये घ्यावा. २०२५ मध्ये तो सैल झाला, पण रद्द झाला नाही. म्हणजे वरच्या जागेवर खातं निवडताना स्वतःची बचत कुठे जाणार हेही ठरतं. या कारणाने कुणी कमी पगार पत्करला तर त्याला वेडा म्हणू नये. आणि जो कर्जरोख्यांच्या खात्यात राहिला, त्याच्या ईमानाचा हिशेब मोहल्ल्याने मांडू नये. ज्याचा निर्णय त्याने आपल्या मनाला आणि जाणकारांना विचारून घ्यावा.

उडी मारण्याआधी घराचा हिशेब मात्र चोख हवा. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा. बोनस हातात पडायच्या आधी राजीनामा देऊ नये. घराचा हप्ता, मुलांची फी, अब्बांचं औषधपाणी हे नव्या पगारात बसतं का, ते बायकोसोबत बसून कागदावर लिहावं. नव्या कामाला लागणारी एनआयएसएमची परीक्षा जुन्या नोकरीत असतानाच देऊन टाकावी. नव्या ठिकाणी पहिलं वर्ष ज्युनिअरसारखं जातं. वयाने लहान पोरगा आपल्याला शिकवतो, ते सोसायची तयारी हवी.

आणि गावाकडच्यांनी एवढं करावं. त्या एका वर्षात मुलाकडून जास्तीची मागणी करू नये. घरावरचा माळा पुढच्या वर्षी चढवला तरी चालेल.