वाडा देण्याआधी ढाळजेत बसा

परभणीच्या नानलपेठेत, सेलू-मानवतच्या जुन्या बाजारपेठेत, गंगाखेडला गोदावरीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांत अजून ज्यांच्या घरापुढे दगडी जोते आणि सागवानी दार उभे आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तुमच्या ढाळजेत कुणीतरी येऊन बसून गेले असेल. वाडा उतरवू, खाली दुकाने काढू, वर चार मजले चढवू आणि सगळ्यात वरचा मजला मालक म्हणून तुम्हाला. पेंटहाऊस! पुढे मोठी गच्ची, साऱ्या पेठेत दुसरे नाही असे. सोबत दिलेल्या रंगीत कागदावर गच्चीत झाडे आहेत, झोपाळा आहे. घरातल्या पोरांना तो कागद आवडला असेल, तर त्यात त्यांचे काही चुकले नाही. पावसाळ्यात माळवद गळू लागले की घरभर पातेली मांडायची, दर उन्हाळ्यात वर चढून नवी माती पसरायची, ठोकायची, हे काय असते ते करणाऱ्यालाच ठाऊक. मी माळवदाच्या घरातच वाढलो. म्हणून वाडा पाडूच नका, असे मी म्हणणार नाही. माझी विनंती एवढीच की वरचा मजला म्हणजे नेमके काय, हे सही करण्याआधी समजून घ्या. वाडा एकदा उतरला की बोलण्यातले तुमचे वजन निम्मे होते.

पहिली गोष्ट उन्हाची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो, हे परभणीकराला सांगायला नको. माळवदात लाकडी तुळयांवर किलचांचा थर, त्यावर पाला आणि वर हातभर माती असते. ऊन त्या मातीतून खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते. शिवाय भिंती दोन-अडीच हात जाड आणि धग बाहेर जायला छताला सवणे. काँक्रीटचा स्लॅब जेमतेम पाच-सहा इंचांचा. तो दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता घरात सोडतो. मधल्या मजल्यावरच्या माणसाच्या डोक्यावर दुसऱ्याचे घर असते. सगळ्यात वरच्याच्या डोक्यावर फक्त ऊन. म्हणून एक काम करा. शहरात अशी एखादी नवी इमारत बघा, ओळख काढा आणि मे महिन्यात दुपारी तीनला वरच्या मजल्यावर तासभर बसा. रात्री नऊला पुन्हा जा. म्हाताऱ्या आईला सोबत न्या, कारण दिवसभर तिथे तीच असणार आहे. एवढे करूनही घर आवडले तर खुशाल घ्या. मात्र स्लॅबवर उष्णतारोधक थर, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर पांढरा लेप आणि समोरासमोर खिडक्या हे सगळे करारात लिहून घ्या. तोंडी बोलणे पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

थंडावा आहे म्हणून वाड्याचे सगळेच चांगले, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंपात जे झाले, ते मराठवाडा विसरलेला नाही. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे मातीचे वजन यांखालीच बहुतेक माणसे गेली. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडच्या धक्क्याने परभणीतही भांडी हलली. म्हणून वाडा ठेवायचा की पाडायचा, हा निर्णय बांधकाम करू पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका. स्वतः पैसे देऊन संरचना अभियंत्याकडून वाडा तपासून घ्या. कुठे तुळई सडली आहे, कुठली भिंत पोटात फुगली आहे, हे तो दाखवील. मागची माडी उतरवून पुढचा सोपा आणि चौक राखता येतो, असेही कधी कधी निघते. तो अहवाल हातात असला की बोलणीसुद्धा वेगळी होतात.

आता पायाखालचे सांगतो, कारण ते कुणीच सांगत नाही. शेताला आपण काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी. जुनी पेठ त्या पांढरीवर वसलेली असते. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडली, त्यांच्याच मातीवर नवी उठली, राख पडली, राडा पडला. वरून घट्ट दिसणारी ही जमीन खाली भरावाची असते. त्यात वाड्याच्या पोटात आड असतो, धान्याचे पेव असते, भिंतीत बळद असते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी आड बुजवून वर फरशी केली, हे घरातल्या एखाद्या आत्याला आठवते, अभियंत्याला नाही. नेमका त्याच जागी इमारतीचा खांब आला तर? तेव्हा घरातल्या जुन्या माणसांना अंगणात उभे करा, आड कुठे, पेव कुठे, ते बोटाने दाखवून घ्या आणि कागदावर मापासकट काढा. मातीचे परीक्षण झाल्याशिवाय पाया खणू देऊ नका. शेजाऱ्याची सामाईक भिंतही मातीचीच आहे. आपल्या खड्ड्यामुळे ती खचली तर भांडण तुमच्या दारात येणार. म्हणून खोदकामाआधी दोन्ही बाजूंच्या भिंतींचे फोटो काढा आणि आधार देऊन खणण्याची अट घाला.

कागदपत्रांत तर आपल्या भागाची गुंतागुंत निराळीच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्यामुळे कित्येक घरांचे जुने दस्त उर्दूत आहेत, काही मोडीत. इनामाची जागा असेल तर मुंतखब निघेल. जागा देवस्थानाची किंवा वक्फची निघाली तर सारा व्यवहारच अडतो. ट्रंकेतले कागद वाचता येत नाहीत म्हणून फेकून देऊ नका. उर्दू वाचणारा वकील परभणीत सहज मिळतो. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावे आहेत ते पाहा. आजोबांचेच नाव असेल, तर आजोबांपासून खाली वारस मोजायला बसा. आणि मोजताना लेकी वगळू नका. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. तो हक्क तिला जन्मानेच आहे, वडील २००५ नंतर हयात असण्याची त्याला अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही राखीपौर्णिमेला आलेल्या बहिणीसमोर हक्कसोडपत्र सरकवले जाते आणि ती माहेर तुटू नये म्हणून सही करते. हे मला फार लागते. तिने सोडायचेच ठरवले तर तो तिचा अधिकार. पण काय सोडते आहे, त्याची किंमत किती, हे तिला आधी सांगा, विचाराला वेळ द्या. बहिणीला अंधारात ठेवून घेतलेल्या पेंटहाऊसवर पुढे दावा लागला, तर कोर्टाच्या तारखांना तुम्हालाच जावे लागेल.

महारेरामुळे सगळे सुरक्षित झाले, असे पुष्कळांना वाटते. मे २०१७ पासून रेरा कायदा आपल्याकडे पुरता लागू झाला आणि त्याचा उपयोगही मोठा आहे. पण भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपर्यंत असेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक नाही. पेठेतले बहुतेक वाडे याच मापात बसतात. तिथे तुमचा आधार म्हणजे तुमचा नोंदणीकृत करार. तो करार तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या, समोरच्याच्या वकिलाकडून नको. प्रकल्प मोठा असून नोंदणी होणार असेल, तर आणखी एक लक्षात ठेवा. जागेच्या बदल्यात सदनिका किंवा विक्रीतला वाटा घेणाऱ्या मालकाकडेही महारेरा प्रवर्तक म्हणूनच पाहते. ग्राहकांची तक्रार तुमच्यापर्यंत येऊ शकते. कुलमुखत्यारपत्र देताना ते बांधकाम परवानगीपुरतेच ठेवा. तुमच्या वाट्याच्या सदनिका विकण्याचा किंवा जागेवर कर्ज काढण्याचा अधिकार त्यातून जाऊ देऊ नका. बांधकाम लांबले तर भाडे कोण भरणार, किती महिन्यांनी दंड सुरू होणार, हे आकड्यांत लिहा.

आणि ती गच्ची. मंजूर नकाशावर ‘पेंटहाऊस’ असे काही नसते. तिथे मजल्याचा आणि सदनिकेचा क्रमांक असतो. तो मजला नकाशावर आहे का, हे महापालिकेत किंवा नगरपालिकेत जाऊन डोळ्यांनी पाहा. रस्त्याच्या रुंदीवर इमारतीची उंची ठरते आणि पेठेतले रस्ते अरुंद. मंजुरी तीन मजल्यांची आणि चौथा ‘नंतर नियमित करून घेऊ’ म्हणून चढवलेला असेल, तर तो चौथाच तुमचा असतो, हे ध्यानात घ्या. उघडी गच्ची चटई क्षेत्रात धरत नाहीत. तुमच्या वाट्याचे क्षेत्र मोजताना गच्ची त्यात मिसळली आहे का, ते विचारा. इमारतीचे छत सगळ्यांचे असते. तिथे पाण्याच्या टाक्या येतात, लिफ्टची खोली येते, सौर पाट्या येतात. फक्त तुमच्या सदनिकेला जोडलेली गच्ची म्हणून नकाशात दाखवली असेल, तेवढीच तुमची. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत शेवटची किल्ली देऊ-घेऊ नका.

पाणी रोज येत नाही, ते वर चढवायला मोटर लागते, वीज गेली की लिफ्ट थांबते आणि अग्निशमनाची गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडते. हे तुम्हाला माहीत आहेच, फक्त वयाचा हिशेब करताना धरा.

लाकूड विसरू नका. खांब, तुळया, कोरीव चौकटी, देवघराची दारे ‘राड्यासोबत’ उचलून नेली जातात आणि मोठ्या शहरात त्याच चौकटीला चांगले पैसे मिळतात. एकेक नग मोजा, फोटो काढा आणि ते कुणाचे, हे करारात लिहा. एक दार तरी नव्या घराला लावा. आजीचा हात लागून गुळगुळीत झालेली कडी तुमच्या नातवंडांच्या हाताला लागू द्या.

पंचमीला लेकी माहेरी येतात. यंदा त्या आल्या की सगळ्यांनी ढाळजेत बसा, जी मुंबई-पुण्याला अडकली असेल तिला फोनवर घ्या. ट्रंक उघडा. आत्याला आडाची जागा विचारा. रंगीत कागद मध्ये ठेवा, शेजारी अभियंत्याचा अहवाल आणि मालमत्ता पत्रक ठेवा आणि ज्याला जे बोलायचे आहे ते बोलू द्या. फक्त त्या दिवशी कुणाचीच सही घेऊ नका.